पाखरांचे घड्याळ आणि गरिबाचा फोन
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात राजेगाव येथे केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आम्ही पेशाने शिक्षक. दररोज चाळीस-पन्नास मुलांपुढे बोलावयाची सवय आहे. परंतु ज्यांनी आम्हांला लहानपणी कडेवर घेतले, अशा वडीलधाऱ्यांपुढे बोलताना जीभ थोडी अडखळते. तेव्हा काही उणे-अधिक झाल्यास पोटात घालावे.

विश्वस्त मंडळींनी आम्हांला विषय दिला तो असा की, रौप्यमहोत्सवानिमित्त गावातील वृद्ध आणि एकाकी माणसांसाठी संस्थेने काय करावे, यावर काही सुचवा. मोठमोठ्या सूचना पुष्कळांनी केल्या आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. आम्ही मात्र दोन अगदी स्वस्त वस्तूंविषयी बोलणार आहोत. एक म्हणजे बटणांचा साधा मोबाईल फोन, आणि दुसरी म्हणजे तासातासाला पाखराचा आवाज काढणारे घड्याळ. यात हसण्यासारखे काही आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल हसावे. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. परंतु मधल्या काळात आमच्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने आम्हांला या दोन वस्तूंची किंमत शिकविली. ती हकीकत आपल्यापुढे सांगावी, म्हणूनच हा विषय आम्ही निवडला.

आरंभ एका शब्दापासून करू. आपल्या मराठीत कोंबडा पहाटे देतो ती बांग, आणि मशिदीतून ऐकू येते तीही बांगच. उर्दू-अरबीत तिला अजान म्हणतात, परंतु आमच्या घरी आजी मराठीतच म्हणत, "बांग झाली, ऊठ." लहानपणी आम्हांस कळत नसे की कोंबड्याची झाली की मशिदीची. शेजारच्या घरातील माणसेही त्याच बांगेवर उठत आणि बैलांना वैरण घालीत. घड्याळ कोणाच्या घरी नव्हते असे नाही. परंतु ते भिंतीवर शोभेला असे. मनगटी घड्याळ तर लग्नात जावयाला द्यावयाची वस्तू. एच.एम.टी.ने १९६१ साली बंगलोरला घड्याळे करावयास आरंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे त्या घड्याळावाचून सोयरीक पक्की झाली असे कोणी मानीत नसे. वेळ सांगण्याचे काम मात्र सूर्य, पाखरे आणि माणसाचा गळा यांच्याकडेच होते.

त्यानंतर घड्याळे स्वस्त झाली. १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये क्वार्ट्‌झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत जवळजवळ एका मोटारीएवढी होती. आज त्याच तत्त्वावर चालणारे भिंतीवरचे घड्याळ आठवडी बाजारात शे-दोनशे रुपयांस मिळते. त्याच्या पोटात स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. पेन्सिल सेलची वीज लागली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटेल. परंतु २ ला २ ने पंधरा वेळा दुणीत गेले की नेमका हाच आकडा येतो, असे नव्हे. १ पासून आरंभ करून पंधरा वेळा दुप्पट केली की येतो. आमच्या वर्गात मुले येथेच चुकतात, म्हणून मुद्दाम चुकून दाखविले! पंधरा वेळा निम्मे करीत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो, आणि त्या ठोक्यावर काटा पुढे सरकतो.

फोनचीही तीच कथा. भारतातील पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी बोलणाऱ्यालाही पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही. आपण तेव्हा रात्री एस.टी.डी.च्या खोलीबाहेर रांग लावून उभे राहत होतो आणि काचेआडच्या लाल आकड्यांकडे पाहत बोलत होतो, हे पुष्कळांना आठवत असेल. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला, आणि त्याच वर्षी नोकिया ११०० नावाचा फोन आला. त्याच्या डोक्यावर विजेरी होती. जगभर असे पंचवीस कोटींहून अधिक फोन विकले गेले. धूळ आणि दमट हवा सोसणारा, अंधारात धुऱ्यावरून जाताना उजेड देणारा तो फोन शेतकऱ्याने आपलासा केला यात नवल नाही.

आपल्या राजेगावला या फोनाची आणखी एक गंमत होती. आपली बाघ नदी ही दोन राज्यांची शीव. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी अलीकडचे बालाघाट आणि पलीकडचे भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते, आणि राजधानी नागपूर होती. त्यानंतर शीव पडली. पलीकडचा भाग आधी मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेला, व १९९९ साली त्याचा गोंदिया जिल्हा झाला. सोयरीक, बाजार आणि भाषा मात्र पुलावरून येत-जात राहिली. फोन आला तेव्हा पूल ओलांडला की त्याला परराज्य लागे, आणि मामाच्या गावी गेलेल्या भाच्याला आईचा फोन घेण्याचेही पैसे पडत. २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी ही आकारणी सोडून दिली. तोपर्यंत नदीवरून कर न देता जाणारा आवाज फक्त पाखरांचाच होता.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

आमच्या वर्गात आठवीला एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. आई-वडील दोघेही मजुरीसाठी हैदराबादेस. आपल्या भागातून किती घरे अशी नागपूरला, हैदराबादला जाऊन-येऊन असतात, हे येथे कोणाला सांगावयास नको. घरी हा मुलगा आणि त्याची आजी. आजींना काचबिंदू, एका डोळ्याने काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याने उजेड तेवढा कळतो. श्रावणातले दिवस होते. आम्ही फळ्यावर आरसा काढून प्रकाशाचे परावर्तन शिकवीत होतो. बाराच्या सुमारास त्या मुलाच्या दप्तरातून भारद्वाज बोलू लागला. खोल, घुमणारा तो 'ऊप-ऊप-ऊप' आवाज इतका हुबेहूब होता की दोन मुलांनी खिडकीबाहेर पाहिले. मग सगळा वर्ग हसला.

आम्ही दप्तर उघडले. आत बटणांचा, कडा झिजलेला, रबराने बांधलेला एक फोन होता. शाळेत फोन आणावयाचा नाही हा नियम. आम्ही तो बंद केला, कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि सांगितले, "पालकांना घेऊन ये, मग मिळेल." मुलगा खाली मान घालून बसला. फोन का आणला, आणि त्यात भारद्वाज का बोलतो, हे आम्ही विचारले नाही. वर्गात शिस्त राखल्याचे समाधान मात्र वाटले.

हा बुधवार होता. शनिवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर एक माणूस खांद्याला पिशवी लावून उभा होता. डोळे तारवटलेले. आम्हांला पाहून त्याने हात जोडले. म्हणाला, "गुरुजी, बुधवारपासून फोन लागत नव्हता. शेजाऱ्याचा नंबर होता तोही बंद. मी म्हटलं, माय गेली. पोरगा एकटा घाबरून बसला असंल. जे कपडे होते तेच घालून निघालो. घरी येऊन पाहतो तं माय चुलीपाशी बसली."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. चार दिवसांची मजुरी बुडाली होती, येण्याचे भाडे गेले होते आणि परतीचे जावयाचे होते. आम्ही मुलाला बोलावून विचारले, "अरे, तू सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पालक आणायला सांगितले. पालक हैदराबादेस होते."

सभाजनहो, वीस वर्षे शिक्षकी केली, प्रशिक्षण घेतले, बालमानसशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झालो. परंतु या उत्तराला आमच्याकडे प्रत्युत्तर नव्हते. आजही नाही.

फोनाची हकीकत नंतर कळली. तो फोन एरवी आजींच्या उशाशी असे. त्या दिवशी त्याची चार्जिंगची पिन ढिली झाली होती, म्हणून शाळा सुटल्यावर दुरुस्तीला न्यावा, या हिशेबाने मुलाने तो दप्तरात टाकला होता. आजींना काटे दिसत नाहीत आणि आकडेही दिसत नाहीत. म्हणून मुलाने आपल्या परसातल्या पाखरांचे आवाज त्या फोनातच टिपून घेतले आणि एकेका वेळेला एकेक पाखरू गजर म्हणून लावून दिले. सकाळी दयाळ बोलला की डोळ्यांत थेंब टाकावयाचे. दुपारी भारद्वाज बोलला की जेवून गोळी घ्यावयाची. रात्री पिंगळा बोलला की पुन्हा थेंब. एरवीची घंटी त्यांना चालली नसती काय? चालली असती; परंतु सगळ्या घंट्या सारख्याच. कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची, हे आंधळ्या माणसाने कसे ओळखावे? शिवाय श्रावणाच्या झडीत सूर्य अंगाला लागत नाही. तीन दिवस त्या घरात वेळ नव्हती. थेंब कधी दोनदा पडले, कधी पडलेच नाहीत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, औषधाने उरलेली राखता येते तेवढीच. म्हणून ते थेंब वेळेवर पडणे महत्त्वाचे. त्या तीन दिवसांत काय बिघडले ते कोणी मोजले नाही, आणि मोजता येण्यासारखेही नव्हते.

आम्ही भाड्याचे पैसे देऊ केले, ते त्या माणसाने घेतले नाहीत. "पोराले शिकवा, म्हणजे झालं," एवढेच म्हणून तो संध्याकाळच्या गाडीसाठी गोंदियाला निघून गेला.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा मागोवा घेऊ लागलो. पाखराच्या आवाजाचे घड्याळ ही काही त्या मुलाचीच कल्पना नव्हे. अमेरिकेत आणि इंग्लंडात अशी घड्याळे कित्येक वर्षे विकली जातात. आकड्यांच्या जागी बारा पाखरांची चित्रे, आणि तास भरला की त्या त्या पाखराची खरी ध्वनिमुद्रित शीळ. काहींत उजेड ओळखणारा एक डोळाही असतो. खोलीत अंधार झाला की घड्याळ गप्प बसते, कोणाची झोप मोडत नाही. आमच्या नात्यातील एका घरी परदेशी गेलेल्या मुलाने असे घड्याळ पाठविले. त्यात रॉबिन, ब्लॅकबर्ड, रेन अशी इंग्रजी बागेतील पाखरे. त्या घरच्या वृद्ध खाला ते कौतुकाने ऐकत आणि म्हणत, "किती गोड बोलतात! पण काय बोलतात ते कळत नाही." दोन महिन्यांनी सेल संपला, तो कोणी बदलला नाही.

यावरून अजानच्या घड्याळाची आठवण होते. आमच्या पुष्कळ घरांत ते असते. त्यात शहर निवडावे लागते, मग ते घड्याळ त्या शहराच्या सूर्याप्रमाणे पाचही वेळा अजान देते. राजेगाव त्यात कोठून असणार? लोक नागपूर लावतात. आता नागपूर आपल्यापासून एक अंशाहून थोडे अधिक पश्चिमेस आहे, आणि सूर्य एक अंश चालावयास चार मिनिटे घेतो. म्हणजे आपला सूर्य नागपूरच्या चार-साडेचार मिनिटे आधी मावळतो, आणि रोज्याच्या दिवशी ते घड्याळ आपल्याला तेवढा वेळ जास्त उपाशी ठेवते! थट्टा सोडा, मुद्दा असा की यंत्र कितीही चांगले असो, त्याला आपल्या गावाला जुळवून घ्यावे लागते. ते काम कारखानदार करीत नाही. ते गावानेच करावयाचे असते.

बोलणाऱ्या पाखराचे घड्याळ करण्याची हौस फार जुनी आहे. अल्-जझरी नावाचे एक थोर यंत्रकार सन १२०६ च्या सुमारास होऊन गेले. त्यांनी आपल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराच्या एका जलघड्याळाचे वर्णन केले आहे. त्याच्या शिखरावर एक पक्षी बसविलेला असून दर अर्ध्या तासाने तो फिरे आणि शीळ घाली. पुढे जर्मनीतील काळ्या अरण्याच्या मुलखात लाकडी घड्याळांतून कोकीळ बाहेर येऊ लागली; तिचा आवाज म्हणजे आत दडविलेले दोन लहानसे भाते. ती सगळी नक्कल होती. खऱ्या पाखराचा आवाज प्रथम यंत्रात धरला तो १८८९ साली, आणि धरणारा होता आठ वर्षांचा एक मुलगा. त्याचे नाव लुडविग कॉख. वडिलांनी त्याला एडिसनचा ध्वनिलेखक आणून दिला होता. त्यावर त्याने आपल्या पाळलेल्या पाखराचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर उतरविले. ते पाखरू कोणते होते? शामा. आपल्या बालाघाटच्या घनदाट रानात गाणारा तोच शामा, युरोपात पिंजऱ्यात बसून गात होता. जगातील पहिले ध्वनिमुद्रित पाखरू आपल्या आशियाच्या रानातील जातीचे आणि मुद्रण करणारा एक शाळकरी पोर. हे कळल्यावर आमच्या वर्गातील त्या मुलाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

मग आम्ही वर्गालाच काम दिले. सुटीच्या दिवशी मुलांनी आपापल्या परसात, बोडीच्या काठी, धुऱ्यावर बसावे. घरच्या साध्या फोनात आवाज टिपावे. आणि वेळ वहीत लिहावी. ओळखून कोण देणार? पुस्तके होतीच, परंतु पुस्तक ऐकू येत नाही. मुले ते आवाज घेऊन त्या आजींकडे जात. आजी खाटेवर बसून ऐकत आणि सांगत, "हा तांबट. उन्हात बसून भांडं ठोकते तो." "ही टिटवी. हिची अंडी उघड्यावर असतात, कोणीतरी जवळ गेलं असंल, म्हणून ओरडते." "हे सातभाई. यायचं भांडण रोजचंच." एका मुलाने पावशाचा आवाज आणला, तेव्हा आजी म्हणाल्या, "हा पेरते व्हा म्हणते सगळ्यांले, आणि आपलं लेकरू सातभाईच्या घरट्यात टाकून जाते." हे शास्त्रीय दृष्ट्याही खरे आहे. ज्या बाईला गाव आंधळी म्हणत होते, तिला आमच्या वर्गाने पक्षिशास्त्राची गुरू केले.

एकदा एका बाईंनी हरकत घेतली की पिंगळा म्हणजे घुबडाची जात, त्याचा आवाज घरात अशुभ. आजींनी उत्तर दिले, "तो उंदीर खाते, बाई. कोठीतलं धान राखते. माझ्या घरी त्यानं रोज यावं."

असे करीत बारा पाखरे जमली. पहाटे दयाळ, उजाडता कोंबडा, कारण तोही आपलाच, मग चिमणी, बुलबुल, साळुंकी, उन्हात तांबट आणि भारद्वाज, दुपारी होला आणि सातभाई, संध्याकाळी पोपटांचा थवा, दिवेलागणीस पिंगळा, आणि रात्री टिटवी. मुलांना तेरावे पाखरू हवे होते, ते म्हणजे सारस. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यत्वे आपल्या पलीकडच्या गोंदिया जिल्ह्यात, आणि अलीकडे आपल्या बालाघाटात वैनगंगेच्या आणि बाघच्या काठच्या धानाच्या बांध्यांत. दोन्हीकडचे मिळूनही मोजकेच. दरवर्षी स्वयंसेवक आणि वनखाते मिळून त्यांची गणना करतात. एका पहाटे धुक्यात नदीपलीकडून ती जोडीची हाक आली. नर एकदा, मादी दोनदा, तुतारी फुंकावी तशी. मुलाने फोन काढीपर्यंत ती थांबली. ती आमच्याजवळ नाही. एखाद्या पाखराचा आवाज फक्त फोनातच उरावा, यापेक्षा तो फोनात नसावा आणि बांधीत असावा, हे बरे. असे आम्ही मुलांना सांगितले.

येथे दोन थोर पुरुषांचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. डॉ. सालिम अली हे मुंबईचे. १८९६ साली जन्मले, लहानपणीच पोरके झाले, मामांनी वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी गळ्यावर पिवळा डाग असलेली निघाली, आणि ती कोणती म्हणून विचारावयास ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत गेले. तेथल्या साहेबाने हाकलून न देता कपाटे उघडून दाखविली, आणि त्या दिवशी देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आम्ही कपाट बंद केले, त्या साहेबाने उघडले. एवढाच फरक, परंतु केवढा! दुसरे श्री. मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी करीत नवेगावबांधच्या परिसरात राहिले, आणि रानातील माणसांकडून पाखरांची नावे शिकून त्यांनी ती मराठीला दिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले. 'सखा नागझिरा'चे लेखक श्री. किरण पुरंदरे हे तर पाखरांचे आवाज यंत्रावाचून, गळ्यानेच काढून दाखवितात. ज्ञान हे असे माणसामाणसांतून येत असते.

आता सावधगिरीच्या गोष्टी. गुरुजी म्हटल्यावर त्या आल्याच.

पहिली, हे आवाज घरात ऐकावे. रानात जाऊन मोठ्याने लावू नयेत. विणीच्या दिवसांत नराला वाटते की दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला. तो घरटे सोडून भांडावयास येतो आणि दमतो. आवाज लावून पाखरू पकडणे, अथवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे, हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आवाज घरी आणावा, पाखरू आणू नये.

दुसरी, फोन स्वस्त झाला तरी तो चालू ठेवणे स्वस्त राहिले नाही. ज्यांना फक्त बोलावयाचे आहे त्यांनाही इंटरनेटचे पैसे भरावे लागत. याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नियम घालून दिला, की केवळ बोलण्याचा आणि संदेशांचा निराळा रिचार्ज ठेवावाच लागेल. दुकानदार तो आपण होऊन सांगत नाही. मागून घ्यावा लागतो.

तिसरी, वृद्धांना फसविणारे फोन येतात. बँकेतून बोलतो, पोलिसांतून बोलतो, असे सांगून आकडे विचारतात. आजींना एकच वाक्य शिकवावे: "माझा नातू आला की बोला," आणि फोन ठेवून द्यावा.

चौथी, या साध्या फोनात एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. २०१७ पासून विकलेल्या बटणांच्या फोनात ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की संकटाची हाक जावी, असा सरकारी नियम आहे. घरोघरी कोणते बटण चालते ते पाहून त्यावर रंगाचा ठिपका लावावा. याखेरीज ११२ हा पोलीस-आग-दवाखाना सर्वांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १४५६७ वृद्धांसाठी, आणि १८००-१८०-१५५१ शेतकऱ्यांसाठी. हे सगळे क्रमांक हजार रुपयांच्या फोनावरूनही तितकेच लागतात, जितके लाखाच्या फोनावरून.

म्हणून आमची संस्थेला नम्र सूचना अशी आहे. गावात ज्या घरी वृद्ध माणूस एकटे किंवा लहान नातवंडासह राहते, अशा घरांची यादी करावी. प्रत्येक घरी एक साधा फोन द्यावा. हजार ते दीड हजार रुपयांत तो येतो. आवाजाच्या बारा फाइली त्याच्या कार्डात शाळेची मुले भरून देतील. त्यास एक पैसाही लागणार नाही. औषधांच्या वेळा विचारून गजर लावून देतील. मोठ्या अक्षरांत क्रमांकांचा कागद भिंतीवर चिकटवितील. आणि मुख्य म्हणजे, पंधरा दिवसांनी एकदा एक मुलगा किंवा मुलगी त्या घरी जाऊन विचारील, "आजी, दयाळ बोलतो ना? चार्जिंग आहे ना?" फोन देणे सोपे आहे, सभाजनहो. सेल संपल्यावर बदलणारा हात देणे कठीण. तो हात संस्थेने आणि शाळेने मिळून द्यावा. घरच्या माणसांचे, शेजाऱ्यांचे आणि शाळेचे क्रमांक एका वहीत लिहून ती वही संस्थेच्या कचेरीत ठेवावी, म्हणजे हैदराबादेस बसलेल्या कोणा लेकाला चार दिवसांची मजुरी टाकून धावत यावे लागणार नाही.

नियमाविषयीही एक शब्द. शाळेत फोन नको, हा नियम आजही आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही तो पाळतो. फक्त आता फोन कपाटात ठेवण्यापूर्वी आम्ही एक प्रश्न विचारतो, "हा कोणाचा आहे, आणि घरी त्याची वाट कोण पाहत आहे?" एवढे विचारावयास अर्धे मिनिट लागते.

तो मुलगा आता पुढच्या वर्गात गेला आहे. आजी आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. सकाळची वेळ. फोनात दयाळ बोलला, आजींनी डोळ्यांत थेंब टाकले. थोड्या वेळाने परसातल्या शेवग्यावरून पुन्हा दयाळ बोलला. आम्ही म्हटले, "आजी, घड्याळ पुन्हा वाजले." आजी हसल्या आणि म्हणाल्या, "नाही गुरुजी, हा खरा आहे. हा आज उशिरा उठला."

ज्यांना दिसत नाही त्यांना एवढे ऐकू येते. आपण डोळस लोकांनी थोडे कान द्यावेत, इतकीच प्रार्थना. संस्थेचा सुवर्णमहोत्सव पाहण्याचे भाग्य आपणां सर्वांस लाभो, आणि तेव्हाही बाघच्या काठी कोणीतरी पाखरू वेळेवर बोलत असो, अशी परमेश्वरचरणी दुआ करून आम्ही आपली रजा घेतो.